कुशिती भाषकांचा माग कसा काढावा

मेळघाटातल्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. वर्गात बरीच लेकरं कोरकू घरची. कोरकूत दोनला 'बारी', तिकडे झारखंडच्या संथालीत 'बार'. हे फळ्यावर लिहिलं की पोरं आपणहून विचारतात, "मॅडम, मग आपण तिकडून आलो का?" पूर्व आफ्रिकेतल्या ओरोमो, सोमाली, अफार, बेजा, इराक्व या कुशिती भाषा बोलणाऱ्यांबद्दल प्रश्न हाच आहे. त्यासाठी वहीत तीन रकाने आखा: भाषा, उत्खनन, डीएनए. एकातलं दुसऱ्यात ढकलायचं नाही.

भाषेच्या रकान्यात आकडे, अवयव, गुरांची नावं घ्या. तीन: ओरोमो 'सदी', सोमाली 'सद्देह', अफार 'सिदोह'. चार: 'अफुर', 'अफर', 'फेरेय'. धर्माचे नि व्यापाराचे शब्द टाळा, सोमालीत ते अरबीतून भरपूर आलेत. मग नकाशा काढा. बेजा लाल समुद्राकाठी, अगौ इथिओपियाच्या पठारावर, इराक्व पार टांझानियात. खूप दुरावलेल्या शाखा जिथे जवळजवळ सापडतात तिथे मूळ शोधतात, म्हणून अनेक भाषातज्ज्ञ इथिओपिया, इरिट्रिया आणि लगतच्या सुदानचा पट्टा धरतात.

उत्खननाला मात्र वेळ द्या, खरी गंमत इथे आहे. सुमारे 5000 वर्षांपूर्वी आफ्रिकेतला ओला काळ सरत आला, पाऊस घटला, उत्तर केनियातलं तुर्काना सरोवर आटत गेलं. त्याच सुमारास तिथे गुरं पाळणारे लोक दिसतात. सरोवराजवळच्या लोथागाम नॉर्थ या जागी त्यांनी दगडी खांब उभारले आणि एकाच दफनभूमीत किमान 580 माणसं पुरली. पुढे गुरं, शेळ्या-मेंढ्यांसह हे पशुपालन केनियाच्या खचदरीतून टांझानियात पोचलं. ते लोक कुशिती बोलत असावेत असं मानतात, कारण तिथल्या कालेंजिनसारख्या निलोटिक, म्हणजे वेगळ्याच कुळातल्या, भाषांत जुने कुशिती शब्द मुरलेले आहेत. हा आधार भाषेचा आहे, दगडांचा नाही. नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं पाहून या. खाली पुरलेले कोणती भाषा बोलत, हे तिथले दगडही सांगत नाहीत.

डीएनएच्या रकान्यात दोन नोंदी पुरेत. टांझानियातल्या लक्समांडा या पशुपालकांच्या जागेची सुमारे 3100 वर्षांपूर्वीची बालिका: तिचा सुमारे 38 टक्के वारसा पश्चिम आशियातल्या प्राचीन शेतकऱ्यांशी जुळतो. इथिओपियाच्या मोटा गुहेतला 4500 वर्षांपूर्वीचा माणूस: त्याच्यात तो अंश नाही. म्हणजे बाहेरून आलेला वारसा इथिओपियातही सगळीकडे एकदम पसरला नव्हता.

आपल्या भाकरीच्या ज्वारीचीही नोंद करा, हे मी आवर्जून सांगते. पूर्व सुदानात कसालाच्या बाजूला, इसवी सनपूर्व 3000 च्या आधीच्या खापरांत, माणसाळू लागलेल्या ज्वारीचे ठसे सापडलेत. आज त्या भागात बेजा बोलतात, पण ती खापरं घडवणारे काय बोलत हे ठशांवरून ठरत नाही. ही नोंद उत्खननाच्याच रकान्यात ठेवा.