पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड इंजिनात परत कसे बसवावेत

होनिंग केलेले (घासदगडाने आतून बारीक रेघा पाडलेले) बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची भोकं, आधी स्वच्छ धुऊन घ्या. नुसतं पेट्रोल किंवा डिझेलने पुसून भागत नाही, कारण दगडाचा चुरा बारीक रेघांमध्ये अडकून राहतो आणि नव्या रिंगा खातो. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा. तेलात भिजवलेलं पांढरं फडकं आत फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. धुतल्यावर लगेच कोरडं करून तेल लावा. उघड्या बिडावर गंज बघता बघता चढतो.

पिस्टन आणि रॉड जोडताना दोघांच्या खुणा जुळवा. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण किंवा टिंब बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो, आणि रॉडवरची खूण कुठल्या बाजूला येते ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) सर्क्लिपवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर, अडवलेली असेल तर सर्क्लिप नवीच घाला आणि ती खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करा. ती सुटली तर बोअर वरपासून खालपर्यंत ओरबाडून निघतो. पिन दाबून बसवलेली असेल तर रॉडचा लहान डोळा तापवावा लागतो. हे काम मशीन शॉपकडे दिलेलं बरं, हातोड्याने पिन ठोकली की पिस्टन वाकडा झालाच म्हणून समजा.

आता रिंगा. यात घाई करू नका. प्रत्येक रिंग ज्या बोअरमध्ये जाणार त्याच बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने 25 मिमी खाली ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगेसाठी ढोबळ हिशेब असा: बोअरच्या दर 25 मिमी व्यासाला 0.10 मिमी, म्हणजे 75 मिमी बोअरला साधारण 0.30 मिमी. अंतिम आकडा मात्र मॅन्युअलचाच धरा. फट कमी असली तर रिंग तापून वाढते, टोकं एकमेकांवर आदळतात आणि रिंग बोअर खरवडते किंवा पिस्टनची कड मोडते. अशी रिंग घासताना कानस बाहेरच्या कडेकडून आत चालवा, नाहीतर वरचा मुलामा सुटतो.

चढवताना सगळ्यात आधी ऑइल रिंग. तिच्या स्प्रिंगची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकमेकांवर चढलेली नकोत. मग दुसरी, मग वरची. खुणेची बाजू वर. फटी एकाखाली एक येऊ देऊ नका.

बेअरिंग शेलची (रॉडच्या मोठ्या डोळ्यात बसणाऱ्या अर्धगोल पत्र्याची) पाठ आणि रॉडची बैठक कोरडी ठक्क ठेवा. तिथे तेलाचा थेंबही नको. जर्नलवर (क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसतो त्यावर) प्लास्टिगेजची, म्हणजे दाबली की चपटी होणारी प्लास्टिकची, तार ठेवून, क्रँक न फिरवता, कॅप (रॉडचा खालचा सुटा अर्धा भाग) पूर्ण टॉर्कने आवळा आणि उघडून चपट्या झालेल्या तारेची रुंदी मोजा; त्यावरून बेअरिंगची फट कळते. बहुतेक गाड्यांत 0.02 ते 0.05 मिमी फट येते. हे मोजमाप जुन्या बोल्टवर करा. ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, म्हणून नवे शेवटच्या आवळणीसाठी राखून ठेवा.

पिस्टन बसवताना त्या सिलिंडरचा क्रँक जर्नल सगळ्यात खाली आणा. बोअर, स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग), रिंगा आणि शेलची आतली बाजू तेलाने भिजवा. रॉडला बोल्ट जडलेले असतील तर त्यांवर रबरी नळी चढवा. जर्नलवर एक ओरखडाही महागात पडतो. रिंग कॉम्प्रेसर (रिंगा दाबून धरणारा पट्टा) आवळून, त्याची कड ब्लॉकला सगळीकडून टेकवून, हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळूहळू ठोका. पिस्टन थोडा थोडा सरकत राहतो. तो अडला आणि दांड्याखाली टणक लागला, की तिथेच थांबा: रिंग कॉम्प्रेसरमधून निसटून ब्लॉकच्या कडेवर बसली आहे. पिस्टन बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. आणखी एक ठोका मारला तर रिंग मोडते, आणि इंजिन सुरू करून धूर दिसेपर्यंत ते कळतही नाही.

कॅप त्याच रॉडची, त्याच दिशेने. साध्या रॉडमध्ये रॉड आणि कॅपवरचे आकडे एका बाजूला येतात. तडकवून वेगळ्या केलेल्या रॉडमध्ये दोन्ही तुकड्यांचा खडबडीतपणा एकमेकांत बसला पाहिजे. बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळा. कित्येक इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर 90 अंश फिरवायचं असतं. त्यासाठी अँगल गेज वापरा, अंदाज नको.

प्रत्येक कॅपनंतर क्रँक एक पूर्ण फेरी फिरवा आणि रॉड हाताने जर्नलवर बाजूला सरकवून पाहा. क्रँक अचानक जड झाला तर दोष नुकत्याच लावलेल्या कॅपचा किंवा पिस्टनचा असतो, आणि तो सापडेपर्यंत पुढचा पिस्टन हातात घेऊ नका.