माळ्याचं झाड बदललं अन् जागल सोपी झाली

आमच्या परभणीकडं ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं येतातच, रात्री जागल, म्हणजे पिकाची राखण, करावीच लागते. आमचा माळा, म्हणजे झाडावर बांधलेलं मचाण, बाभळीवर होता, वारा सुटला की सगळा करकरायचा, आणि झाड वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे माणसाचा वास सरळ ओढ्यातल्या डुकरांकडं. डुकराला दिसतं कमी पण नाक लई तेज, ते मग दुसऱ्याच कोपऱ्यातून घुसायचं.

यंदा बांधावरचा जुना लिंब धरला, वाऱ्याच्या खालच्या अंगाचा, खोड कवेत न मावणारं अन् दोन जाड फांद्या एका उंचीवर. वाळकी फांदी, ढोली, आग्या मोहोळ आधी बघून घेतलं. शेवग्यावर तर बांधूच नका, कडकन मोडतो. बाजेची चौकट नायलॉनच्या दोरीनं आवळली, चौकट अन् फांदीच्या मधे जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, करकर तिथंच थांबली.

सेफ्टी बेल्ट नुसता कमरेचा नको, छाती-मांड्या धरणारा घ्या अन् डोक्याच्या वर खोडाला अडकवा, झोप कधी लागंल सांगता येत नाही. बॅटरी, गोफण वर गेल्यावर दोरीनं ओढून घ्यायची. परवानगीशिवाय शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, डबा वाजवून हुसकवायचं बस. अवकाळीत वीज कडाडली की लगेच खाली उतरा, झाडाखालीपण थांबू नका.