चाळीस फुटी ट्रेलर सुरक्षित कसा चालवावा: खरी कसोटी डाव्या वळणाची

न्हावा शेव्याहून भरलेला ४० फुटी कंटेनर घेऊन चाकण, भिवंडी किंवा रांजणगावला निघालेल्या ड्रायव्हरला सरळ रस्त्यावर फारसं शिकवायला लागत नाही. दहा चाकी ट्रक नीट चालवणारा माणूस हायवेवर ट्रेलरही नीट चालवतो. अडतं ते वळणावर, त्यातही डावीकडच्या. म्हणून या लेखातली जवळपास निम्मी जागा त्या एका वळणाला दिली आहे. लायसन्स, कागदपत्रं, टायरची हवा, ऑइल-पाणी हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

निघण्यापूर्वी

घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, ट्रेलरला जोडल्यावर बॅटरी घेऊन फिफ्थ व्हीलखाली, म्हणजे घोड्यावरच्या जोडणीच्या प्लेटखाली, वाका. किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या खिळीभोवती, जबडा बंद झालेला डोळ्यांना दिसला पाहिजे, वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये फट दिसता कामा नये. मग ट्रेलरचे ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढून बघा. नुसत्या ‘खट्’ आवाजावर विश्वास ठेवू नका. लँडिंग लेग, म्हणजे सुटा ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते पुढचे पाय, पूर्ण वर घ्या. अर्धवट वर घेतलेले पाय रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर टेकतात आणि गाडी रुळावरच अडकते. कंटेनरचे कोपरे ट्रेलरला धरणारे ट्विस्ट लॉक सगळे फिरवलेले हवेत. त्याऐवजी साखळी किंवा पट्टा चालत नाही, कोणीही काहीही सांगो. एकच भरलेला २० फुटी डबा असेल तर तो ट्रेलरच्या मध्यावर ठेवून घ्या. अगदी मागे ठेवला तर घोड्याच्या चाकांवर भार कमी पडतो आणि घाट चढताना ती जागच्या जागी फिरतात.

उंची टेपने मोजा. साधा कंटेनर २.५९ मीटर उंच असतो, हाय क्यूब २.९० मीटर. ट्रेलर जमिनीपासून दीड मीटर असेल तर हाय क्यूबसकट एकूण उंची ४.४ मीटर होते. हा आकडा कॅबिनमध्ये समोर चिकटवा, कारण गावठाणातल्या लोंबत्या तारा आणि जुन्या कमानी यांना तुमच्या आठवणीशी देणंघेणं नसतं.

मार्गही आधीच ठरवा. ब्रिटनमध्ये ३१ मे २०२३ पासून १५.६५ मीटरपर्यंतचे लांब सेमी-ट्रेलर सर्रास वापरायला परवानगी मिळाली, तेव्हा मार्गातली जोखीम आधी तपासायची ही अट वाहतूकदारावर सोबतच आली. आपल्याकडे ते काम ड्रायव्हरलाच करावं लागतं. नवीन गोडाऊन असेल तर तिथल्या माणसाला फोन करून फक्त दोन गोष्टी विचारा: शेवटचं वळण डावं की उजवं, आणि चाळीस फुटी गाडी याआधी आत आली होती का. ‘मोठी गाडी येते’ एवढ्या उत्तरावर निघू नका. सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा टेम्पो असतो.

ट्रेलर आत का कापतो

गाडीची एकूण लांबी वळणावर फारशी कामाची नाही. कामाचं अंतर म्हणजे किंगपिनपासून ट्रेलरच्या मागच्या तीनपैकी मधल्या ॲक्सलपर्यंतचं. घोड्याचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ३.६ मीटर आणि हे अंतर ८.५ मीटर धरा. पुढचा ॲक्सल १२ मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरवत राहिलात, तर ट्रेलरचा मधला ॲक्सल साधारण ७.७ मीटर त्रिज्येवर फिरतो, म्हणजे सव्वाचार मीटर आत. तेच अंतर १० मीटर असेल तर ट्रेलर जवळजवळ साडेसहा मीटर आत येतो. दीड मीटर लांबी वाढली आणि कापणं दोन मीटरहून जास्त वाढलं. नवा ट्रेलर हातात आला की जुन्या ट्रेलरचा अंदाज वापरू नका, टेप काढून हे अंतर मोजा.

आता ८.५ मीटरचाच ट्रेलर २० मीटर त्रिज्येवर फिरवून पाहा: तो सव्वादोन मीटरच आत येतो. चौकातल्या काटकोनी वळणात पूर्ण गोल होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमी असतो, पण गुण तोच. वळण जितकं आवळाल तितका ट्रेलर कोपरा खातो.

मागची शेपटी मात्र उलट दिशेला जाते. मधल्या ॲक्सलच्या मागे अडीच-तीन मीटर ट्रेलर उरलेला असतो. डावीकडे आवळून वळताना त्याचा उजवा मागचा कोपरा उजव्या चाकांच्या वाटेपेक्षा सुमारे ४० सेंटीमीटर बाहेरून फिरतो. शेजारच्या लेनमधल्या रिक्षाचा आरसा तिथेच जातो.

डावं वळण

आधी चुकीचा सल्ला बाजूला करू. ‘डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे दाब, मग मार’ हे अनेक उस्ताद शिकवतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. चौकाच्या आधी घोडा उजवीकडे नेलात की डावीकडे सात-आठ फुटांची जागा मोकळी पडते. मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं ट्रेलर सरळ किंवा उजवीकडे चालला आहे, आणि तो त्या फटीत शिरतो. दोन सेकंदांनी तीच फट ट्रेलर बंद करतो. पुढून बंद, मागून बंद, डावीकडे फुटपाथ. असं दुचाकीवरच्या माणसाला चाकाखाली घेणारं वळण नशिबाने बिघडत नाही, शिकवलेल्या चुकीच्या पद्धतीने बिघडतं.

लागणारी जागा चौकाच्या आधी घ्यायची नाही, चौकाच्या आत घ्यायची.

शंभर मीटर आधी डावा इंडिकेटर द्या आणि डाव्या कडेला या. ट्रेलरची डावी चाकं कडेपासून अर्धा मीटर. एवढ्या जागेत मोटरसायकलचं हँडल मावत नाही, म्हणून कोणी शिरत नाही. दुसरा गिअर टाका, वेग माणूस चालतो तितका, ताशी ५ ते ८ किलोमीटर. गिअर वळणाच्या आधीच टाकायचा. वळणाच्या मध्यात क्लच दाबू नका, कारण नेमक्या त्या क्षणी एक हात आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे जातं.

आता सरळ पुढे जा, मन वळायला सांगेल त्याच्याही पुढे. शिरायचा रस्ता दुपदरी असेल तर त्याची मधली रेघ तुमच्या खांद्याच्या रेषेत येईपर्यंत स्टिअरिंग हलवू नका. मग गाडी चालती ठेवून स्टिअरिंग डावीकडे पूर्ण काटा. घोड्याचं तोंड समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये जाईल, ते जाणारच. म्हणून ती लेन रिकामी दिसल्याशिवाय काटायला सुरुवात करायची नाही. तळेगावकडून येऊन चाकणच्या तळेगाव चौकात नाशिककडे वळताना हेच करावं लागतं आणि तिथे समोरची गर्दी आपोआप कधीच थांबत नाही. क्लीनरला खाली उतरवून समोरची गाडी धरायला लावा. त्याला उभं करायचं ते तुम्हाला आरशात दिसेल अशा जागी. ट्रेलर आणि फुटपाथ यांच्यामध्ये क्लीनरने कधीही उभं राहायचं नाही.

आरसा. डावीकडे वळताना उजव्या आरशातून ट्रेलर नाहीसा होतो आणि डाव्या आरशात तोच भरतो. सुरुवातीला मधलं चाक आणि फुटपाथचा कोपरा दोन्ही एकत्र दिसतात. हीच मोजायची वेळ. घोडा आणखी वळला की आरशात फक्त कंटेनरचा पत्रा उरतो, चाक दिसेनासं होतं. तेव्हा सीटवरून पुढे वाकून छोट्या गोल आरशात बघा. त्यातही दिसत नसेल तर गाडी थांबवा आणि क्लीनरच्या इशाऱ्यावरच चालवा. अंदाजाने पुढे घेतलेला एक मीटरही मंजूर नाही.

चाक कोपऱ्यावर चढणार असं दिसलं तर बहुतेक जण स्टिअरिंग आणखी डावीकडे काटतात, म्हणजे नेमकं उलटं. थांबा, स्टिअरिंग सरळ करा, समोर जागा असेल तितकं सरळ पुढे जा आणि मग पुन्हा काटा. सरळ पुढे गेलेला प्रत्येक फूट ट्रेलरला कोपऱ्याच्या पुढे ओढतो. समोर जागा नसेल तर मागची गर्दी हटवून मागे घ्या आणि पुन्हा करा. हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या. फुटपाथवर चढलेल्या चाकाची साइडवॉल आतून फाटते आणि तो टायर पुढे कुठेतरी हायवेवर फुटतो. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यावर माणसं उभी असतात, शाळेची मुलं उभी असतात, आणि घोडा पुढे गेला म्हणजे गाडी गेली असं त्यांना वाटतं.

ड्रायव्हरलाही तसंच वाटतं, आणि सगळ्यात जास्त घात तिथे होतो. कॅबिन नव्या रस्त्यावर सरळ झाली की नजर समोर जाते आणि पाय ॲक्सिलरेटरवर. त्या वेळी ट्रेलरची चाकं अजून कोपऱ्याशीच असतात. ट्रेलर पूर्ण सरळ होऊन डाव्या आरशात कडेची रेघ दिसेपर्यंत वळण चालूच आहे, वेग तोच ठेवा.

सिग्नलला थांबावं लागलं तर सुटण्याआधी डावीकडे पुन्हा बघा. तुम्ही उभे असताना दुचाक्या येऊन कॅबिनच्या डाव्या कोपऱ्याला लागतात आणि ड्रायव्हरच्या सीटवरून त्या दिसत नाहीत. क्लीनरने खिडकीतून डोकं बाहेर काढून ‘मोकळं’ म्हटल्याशिवाय क्लच सोडू नका. हिरवा पडला तरी आधी दुचाक्या जाऊ द्या. ट्रेलरच्या बाजूचे साइड गार्ड वाकले असतील तर सरळ करून घ्या, भंगारात देऊ नका. पडलेला माणूस चाकाखाली जाण्यापासून तेवढंच अडवतं.

तीन ॲक्सलचा ट्रेलर जागच्या जागी फिरवू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे टायर आडवे घासले जातात, रबराचे सालटे निघतात.

उजवं वळण आणि गोल रॅम्प

उजवीकडे वळताना जागा जास्त मिळते आणि कापणारी बाजू तुमच्या खिडकीतून दिसते. फक्त शेपटी डावीकडे फिरते हे लक्षात ठेवा, तिथे बसथांबा असू शकतो.

पुलावरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर ट्रेलरची आतली चाकं आधी उचलली जातात आणि ड्रायव्हरला ते उशिरा कळतं, कारण घोडा अजून जमिनीला धरून असतो. वेग निम्मा केला की बाहेर ढकलणारा जोर पाव होतो. उंच माल असेल किंवा आत फ्लेक्सिटँक (पातळ माल भरलेली मोठी पिशवी) असेल तर गोल रॅम्पवर ताशी २० च्या वर जाऊ नका, आणि ब्रेक रॅम्पच्या आधी, सरळ रस्त्यावर मारा.

घाट

चढायला जो गिअर लागेल त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरा. तो उतार सुरू होण्याआधी टाका, मध्यात पडत नाही. बोरघाट असो, खंबाटकी असो किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे सगळा भार ब्रेक ड्रमवर टाकणं. ड्रम तापले की पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठाम दाबा, वेग ताशी ८-१० ने उतरवा, सोडा. नुसत्या ट्रेलर ब्रेकच्या दांड्यावर उतरणं बंद करा.

पावसात रिकामा ट्रेलर असेल तर ओल्या वळणावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) बंद ठेवा. तो फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना धरतो. ती घसरली की ट्रेलर मागून ढकलतो आणि घोडा दुमडून ट्रेलरला भिडतो.

मागे घेणं

शक्य असेल तिथे अशा बाजूने या की ट्रेलरची शेपटी उजवीकडे, तुमच्या खिडकीच्या बाजूला वळेल. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात जिकडे न्याल तिकडे शेपटी जाते. लांब ट्रेलर उशिरा ऐकतो, म्हणून थोडं काटून वाट बघा. २० फुटी ट्रेलरवरून आलेला ड्रायव्हर इथे घाईने जास्त काटतो आणि मग सगळं उलटं करत बसतो. इशारा एकाच माणसाने द्यायचा. तो आरशातून दिसेनासा झाला की थांबायचं.

शेवटचे दोन मीटर उरले की खाली उतरा. सीलचा नंबर कागदाशी जुळवून सील गोडाऊनच्या माणसासमोर तोडा, दरवाजे उघडून बाजूला अडकवा, कारण डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, टेकल्यावर ते उघडत नाहीत. मग मागे घ्या, हँडब्रेक लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. दगड नको, तो सरकतो. फोर्कलिफ्ट आत गेला की ट्रेलर दर फेरीला थोडा पुढे ढकलला जातो, म्हणून ठोकळे चाकांच्या पुढच्या बाजूने घट्ट बसवा आणि माल उतरेपर्यंत किल्ली खिशात ठेवा.