जुन्या टाटा ट्रकच्या इंजिनाचे सुटे भाग कसे शोधावेत

टाटा १२१० किंवा त्याच पिढीतील एखाद्या ट्रकचे इंजिन नव्याने बांधायचे ठरले, की बहुतेक जण आधी बाजार गाठतात आणि मग मापे घेतात. हा क्रम उलटा आहे, आणि जुन्या इंजिनांवर वाया जाणारा बराचसा पैसा त्यातच जातो. इंजिन उतरवून, उघडून, धुऊन ठेवलेले आहे आणि मायक्रोमीटर व बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजण्याचे साधन) हाताशी आहेत, असे गृहीत धरून पुढे लिहीत आहे.

दुकानदाराला गाडीचे नाव सांगून भाग मागू नयेत; आत इंजिन कोणते आहे ते आधी ओळखावे. टेल्कोने (पुढे टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला, तरी त्याच घराण्यातील सहा सिलिंडरची इंजिने पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. त्यांपैकी ६९२ या इंजिनाचा बोअर ९२ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वरखाली होण्याची लांबी) १२० मि.मी. आहे, तर ६९७ चा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८ मि.मी. आहे. एवढ्या वर्षांत गाडीत मूळचेच इंजिन राहिले असेल याची खात्री नसते, म्हणून हेड (सिलिंडरवरचे झाकण) काढल्यावर पिस्टन अगदी खाली आणि अगदी वर असताना त्याच्या माथ्याची खोली मोजावी. दोन्हींतील फरक म्हणजे स्ट्रोक. बोअर झिजतो, तो कापून मोठाही (ओव्हरसाइज) केलेला असतो, पण स्ट्रोक सहसा बदलत नाही, त्यामुळे ओळख त्यावरूनच पक्की करावी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक ६९७ इतकाच आहे, हे ऐकून परदेशी भाग मागवण्याचा मोह होतो. पार्ट नंबर आणि जुना नमुना ताडून पाहिल्याशिवाय त्यात पडू नये.

यानंतर येतात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याचे बेअरिंग. सुरुवातीच्या काळात मला सर्वांत जड गेलेला टप्पा हाच, आणि सर्वांत वाईट सल्लेही इथेच मिळतात. 'क्रँक घासून आणा, त्या मापाचे बेअरिंग नंतर बघू' हे वाक्य जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. चालू मॉडेलच्या बाबतीत ते चालून जाईल, कारण त्याचे प्रत्येक मापाचे बेअरिंग दुकानात असते. जुन्या इंजिनाच्या बाबतीत मात्र बेअरिंगचा सेट आधी हातात यावा आणि मगच क्रँक ग्राइंडिंगला जावा. क्रँक ०.७५ वर (म्हणजे मूळ व्यासापेक्षा ०.७५ मि.मी. कमी) घासून झाला आणि त्या मापाचा सेट कुठेच मिळाला नाही, तर पुढच्या मापावर जाण्यासाठी चांगले लोखंड विनाकारण कमी करावे लागते, आणि पुढचे मापही मिळाले नाही तर क्रँक भंगारात जातो.

म्हणून प्रत्येक जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो तो गोल भाग) आणि प्रत्येक पिन (जिच्यावर कनेक्टिंग रॉड बसतो) दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला काटकोनातील दोन दिशांनी मोजावी. दोन दिशांतील फरक म्हणजे अंडाकृती झीज आणि दोन टोकांतील फरक म्हणजे निमुळतेपणा. सर्वांत जास्त झिजलेली पिन ठरवते, की सहाही पिना ०.२५, ०.५०, ०.७५ की १.०० वर न्याव्या लागतील. जर्नलचे माप वेगळे निघू शकते आणि त्यात काही गैर नाही; जर्नल सगळे एका मापाचे आणि पिना सगळ्या एका मापाच्या असल्या म्हणजे पुरे.

जुन्या बेअरिंगच्या पाठीवर माप कोरलेले असते, तरी त्यावर विसंबू नये. ०.२५ च्या बेअरिंगची प्रत्येक पाकळी (बेअरिंगचा अर्धा भाग) स्टँडर्डपेक्षा ०.१२५ मि.मी. जाड असते, हे लक्षात ठेवून गोल टोकाच्या मायक्रोमीटरने जाडी तपासावी. नवी पाकळी घरात (तिच्या गोल खाचेत) हलक्या दाबाने चटकन बसली पाहिजे आणि तिची टोके कॅपच्या (घराच्या सुट्या अर्ध्या भागाच्या) कडेपेक्षा किंचित वर राहिली पाहिजेत, कारण कॅप आवळल्यावर हाच दाब तिला जागेवर धरून ठेवतो. सैल बेअरिंगच्या मागे कागद किंवा पत्रा घालणे आणि घट्ट करण्यासाठी कॅप घासणे, हे दोन्ही प्रकार करणाऱ्याच्या हाती इंजिन देऊच नये. कागदामुळे बेअरिंगची उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही, आणि घासलेल्या कॅपमुळे गोल घर कायमचे बिघडते.

ग्राइंडिंगवाल्याला बेअरिंगचा सेट दाखवून ठरलेले माप लेखी द्यावे. जर्नलच्या कडेची गोलाई मूळ त्रिज्येइतकीच ठेवायची, हेही त्यात लिहावे. ती कोपऱ्यासारखी टोकदार झाली तर क्रँक नेमका तिथूनच तुटतो. क्रॅक आहे का, हे ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर चुंबकीय तपासणीने पाहावे.

क्रँकच वापरण्याजोगा नसेल, तर कुर्ल्याचा भंगार बाजार किंवा दिल्लीचे मायापुरी येथे शोध घ्यावा, पण मायक्रोमीटर खिशात ठेवूनच जावे. निळसर डाग दिसला तर तो क्रँक तापलेला आहे, तो सोडावा. आधीच ०.७५ वर आलेला क्रँक कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

बाकीचे सोपे आहे. पिस्टन, रिंग आणि व्हॉल्व्ह मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरात किंवा दिल्लीत कश्मिरी गेटला मिळतात. पिस्टनही बोअरिंगच्या आधी घ्यावेत आणि प्रत्यक्ष पिस्टन मोजूनच बोअर करून घ्यावा. डिझेल पंपासाठी त्यावरील पट्टीचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा. जुने हेड पाण्याच्या दाबावर तपासून घेण्याच्या अटीवरच विकत घ्यावे, कारण व्हॉल्व्ह सीटांच्या मधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षे पडून राहिलेला 'जुना कोरा' माल लोखंडाचा असेल आणि गंजलेला नसेल तर आनंदाने घ्यावा; रबराचे सील आणि ओ-रिंग मात्र ताजेच हवेत.

ब्लॉक बदलायची वेळ आली, तर त्याच्या रीतसर बिलाशिवाय व्यवहार करू नये. इंजिन नंबर नोंदणी पुस्तकात असतो आणि बदललेला नंबर आरटीओकडे नोंदवून घ्यावा लागतो. खोडलेला किंवा पुन्हा कोरलेला नंबर दिसला, तर ब्लॉक कितीही चांगला असला तरी तो तिथेच सोडून द्यावा.