सिलियाक असताना इटलीत बाहेर जेवायचं कसं

घरात कुणाला सिलियाक, म्हणजे गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल आणि युरोपचा बेत ठरला, की सगळ्यांना पहिली धास्ती वाटते ती इटलीची. पिझ्झा-पास्त्याचा देश, तिथे हा माणूस खाणार काय? प्रत्यक्षात सिलियाक माणसाला बाहेर निवांत जेवता येईल अशा देशांत इटलीचा नंबर बराच वर लागतो. तिथे २००५ साली सिलियाक रुग्णांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शाळा, रुग्णालयं अशा सार्वजनिक खानावळींत मागणी केली तर ग्लुटेनमुक्त जेवण द्यावंच लागतं आणि हॉटेलचालकांच्या प्रशिक्षणाचीही त्या कायद्यात तरतूद आहे. २०२३ मध्ये लहान मुलांच्या तपासणीचाही कायदा आला. त्यामुळे वेटरला आपला आजार पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही. मराठी प्रवाशाची फसगत बऱ्याचदा वेगळ्याच ठिकाणी होते. ती होते ग्रुप टूरच्या ‘इंडियन डिनर’ला.

डाळ-भातावर आंधळा विश्वास नको

दिवसभर सॅलड-फळांवर काढल्यावर संध्याकाळी समोर डाळ-भात आला की जीव भांड्यात पडतो. पण डाळीच्या फोडणीत हिंग असतं आणि डबीतलं हिंग म्हणजे नुसतं हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बहुतेक कंपन्यांचं गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, पण हॉटेलच्या डबीत कुठलं आहे ते डबी वाचल्याशिवाय कळत नाही. तंदूरच्या भिंतीला दिवसभर नान थापलेले असतात आणि त्याच तंदूरमध्ये पनीर टिक्का भाजला जातो. बेसनाची भजी सामोशाच्याच कढईत तळतात. पापड उडदाचा असला तरी तेल तेच.

म्हणून टूरचे पैसे भरतानाच कंपनीला लेखी कळवा, आणि कळवताना ‘गव्हाची ॲलर्जी’ असं मोघम लिहू नका. काय हवं तेच नेमकं लिहा: स्वच्छ पातेल्यात शिजवलेला, फोडणी नसलेला साधा भात, वेगळ्या वाटीत दही, स्वच्छ पाण्यात उकडलेला बटाटा, न कापलेली काकडी-टोमॅटो. टूर मॅनेजरला रोज सकाळी आठवण करा. हॉटेलात शिरताना ऐन गर्दीत सांगितलं तर काही उपयोग होत नाही, तोवर चाळीस माणसांचं जेवण तयार झालेलं असतं.

या भातासोबत खायला घरून कोरडी चटणी न्या. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, जी आवडेल ती, फक्त हिंगाशिवाय केलेली. मेतकूट मात्र नेऊ नका, त्यात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत गहू पडतोच. ज्वारीचं पीठ गिरणीतून आणलं असेल आणि त्याआधी जात्यावर गहू दळले असतील, तर ते पीठही बाद. घरच्या मिक्सरवर किंवा घरघंटीवर फक्त ज्वारी-तांदूळच दळत असाल तर त्याच पिठाच्या कडक भाकऱ्या करून न्याव्यात, त्या प्रवासात टिकतात. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, भाजके दाणे हे उपासाचे जिन्नस इथे फार कामाला येतात. पेढे, बर्फी, पनीर, तूप घेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि कस्टम्समध्ये ते काढून घेतले जातात.

विमानाचं जेवण आधी नोंदवावं लागतं, साधारण २४ ते ४८ तास आधी. ग्लुटेनमुक्त जेवणाचा कोड जीएफएमएल. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. बहुतेक विमान कंपन्या एका प्रवाशाला एकच कोड देतात आणि जीएफएमएलमध्ये कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. हिंदू शाकाहारी जेवण मागावं तर त्यात पोळी येते. शाकाहारी आणि सिलियाक दोन्ही असाल तर विमानातलं पोटभर जेवण घरूनच न्या आणि ट्रेमधलं फळ तेवढं खा. ट्रेसोबत वेगळा येणारा पाव बरेचदा साधाच असतो, वेष्टनावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं नसेल तर हात लावू नका.

हॉटेल कसं निवडायचं

इटलीत सिलियाक रुग्णांची एक मोठी संघटना आहे, असोचात्सिओने इतालियाना चेलियाकिया, थोडक्यात एआयसी. ती १९७९ पासून काम करते. या संघटनेने प्रशिक्षण दिलेल्या आणि ठरावीक काळाने तपासणी होणाऱ्या हॉटेलांचं, पिझ्झेरियांचं, आइस्क्रीमच्या दुकानांचं जाळं देशभर आहे. अशा ठिकाणी दारावर संघटनेचं स्टिकर असतं. संघटनेच्या मोबाइल ॲपवर ती नकाशासकट सापडतात, आणि परदेशी पाहुण्यांना थोडे पैसे भरून ते थोड्या दिवसांसाठी वापरता येतं. मुंबईतून निघण्याआधीच रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशा प्रत्येक मुक्कामाच्या जवळची दोन-तीन ठिकाणं टिपून ठेवा. एकच ठेवू नका. इटलीत आठवड्याची सुट्टी प्रत्येक हॉटेलची वेगळी असते.

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचं साडेसातनंतर. हॉटेल उघडताच जा. तेव्हा पास्ता उकडायचं पाणी ताजं असतं, ओटे पुसलेले असतात आणि आचाऱ्याला तुमचं ऐकून घ्यायला वेळ असतो. रात्री नऊच्या गर्दीत तोच आचारी तोच चमचा दोन पातेल्यांत घालतो.

बसल्याबसल्या पहिलं वाक्य म्हणायचं: ‘सोनो चेलियाको’, म्हणजे मला सिलियाक आहे. बाईने ‘सोनो चेलियाका’ म्हणायचं. ‘ग्लुटेनशिवाय’साठी ‘सेन्त्सा ग्लूतिने’. शिवाय इटालियनमध्ये छापलेलं कार्ड जवळ ठेवा आणि ते वेटरच्या हातात न थांबता आत आचाऱ्यापर्यंत जाऊ द्या. कार्डावर एवढं असावं: मला सिलियाक आहे, गहू, बार्ली, राय, फार्रो (गव्हाचाच एक जुना प्रकार) आणि त्यांची पिठं चालत नाहीत, चिमूटभर पीठही त्रासदायक आहे, भांडी, पाणी, तेल वेगळं हवं.

टेबलावर पावाची टोपली न मागता येते. ती लगेच परत पाठवा, नुसती बाजूला सरकवू नका. पावावर कोरडं पीठ असतं आणि सोबतच्या ग्रिसिनी नावाच्या कडक काड्यांचा चुरा चादरीवर पडतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा चुरा दिसला तर चादर बदलून मागा.

पाण्याबद्दल विचारा

मेन्यूवर १४ ॲलर्जीकारक घटकांची नोंद दिसेल. युरोपात डिसेंबर २०१४ पासून ही माहिती हॉटेलांनाही द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी पदार्थापुढे आकडे असतात आणि ग्लुटेनयुक्त धान्यांचा आकडा बहुधा १ असतो, तरी मेन्यूच्या शेवटची सूची बघून खात्री करा. पण ती नोंद फक्त पाककृतीत काय पडलं तेवढंच सांगते. स्वयंपाकघरात काय घडलं ते तिथे लिहिलेलं नसतं.

इटालियन स्वयंपाकघरात खरा धोका पास्त्याच्या पाण्यात असतो. तिथे पाण्याची चौकोनी टाकी गॅसवर सतत उकळत असते. तिच्यात जाळीच्या टोपल्या सोडलेल्या असतात आणि एकामागून एक पास्ता त्यात शिजतो. काही तासांत ते पाणी पेजेसारखं गढूळ होतं. त्यात ग्लुटेनमुक्त पास्ता शिजवला तर तो ग्लुटेनमुक्त राहत नाही. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मात्र सहसा लक्षात येत नाही. इटालियन आचारी सॉस दाट झाला की त्याच टाकीतलं पळीभर पाणी घालून तो सैल करतो. तो हाताच्या सवयीने करतो, पाककृतीत ते लिहिलेलंही नसतं. भाज्या आणि बटाटेही पुष्कळदा त्याच पाण्यातून काढतात. म्हणजे पास्त्याचा एक तुकडा नसलेल्या ताटातही गहू येतो.

म्हणून चार गोष्टी विचारायच्या. पास्ता वेगळ्या भांड्यात, ताज्या पाण्यात शिजवता का? सॉसमध्ये पास्त्याचं पाणी घालता का? तळणीचं तेल वेगळं आहे का? चाळणी आणि पळ्या वेगळ्या आहेत का? पाण्याला ‘आक्वा’, पिठाला ‘फारीना’, तळणीच्या यंत्राला ‘फ्रिज्जित्रीचे’ म्हणतात. एवढे शब्द आणि बोटांनी खूण केली तरी काम भागतं.

उत्तर कसं येतं त्यावरून निर्णय घ्या. जाणकार वेटर उलट तुम्हालाच विचारतो, आत जाऊन येतो, एखाद्या पदार्थाला स्पष्ट नाही म्हणतो. असा नकार मिळाला की त्या हॉटेलवर जास्त विश्वास ठेवावा. ‘थोडंसंच पीठ आहे’, ‘वरचे पावाचे तुकडे काढून देतो’, ‘काही होत नाही’ यांपैकी काहीही ऐकू आलं तर फार तर पाण्याची बाटली किंवा सोलून खायचं फळ घ्या, नाहीतर काहीच न घेता उठा. उठायला संकोच वाटतो, विशेषतः सोबतची मंडळी बसलेली असताना. तरी उठा.

काय मागवायचं

रिसोत्तो हा उत्तर इटलीतला भात, सहसा चांगला पर्याय. त्यात घातलेलं पाणी घरी केलेल्या भाज्यांच्या रश्शाचं आहे का तेवढं विचारा, कारण रश्शाच्या तयार वड्यांमध्ये गहू असू शकतो. शाकाहारी लोकांसाठीही हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, रिसोत्तो अनेकदा मांसाच्या रश्शात शिजतो. ‘ओर्द्झोत्तो’ लिहिलेलं दिसलं तर ते बार्लीचं आहे. मक्याच्या रव्याची पोलेंता बेर्गामोच्या बाजूला सगळीकडे मिळते. लिगुरिया प्रांतात फारिनाता मिळते, हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली. आपल्या बेसनाच्या पोळ्याची जाड बहीणच. ती पिझ्झ्याच्याच भट्टीत भाजतात का ते विचारा. पालेर्मोतले पानेल्ले हरभऱ्याच्या पिठाचेच, पण तळणीच्या तेलामुळे तिथे फार जपून. टोमॅटो-मोझरेला चीजचं काप्रेसे सॅलड, भाजलेला मासा, ऑम्लेट हे बहुतेक ठिकाणी मिळतं, स्वच्छ तव्यावर करून मागा.

फसवणारे पदार्थ थोडे ओळखून ठेवा. न्योक्की बटाट्याची म्हणतात, पण बांधायला मैदा असतो. पित्झोक्केरी हा पास्ता कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचा असतो, पण त्यात गव्हाचंही पीठ मिसळतात. मांसाच्या गोळ्यांत पावाचा चुरा असतो आणि टस्कनीच्या रिबोल्लिता सूपमध्ये पाव. व्हीगन हॉटेलात ‘सेइतान’ म्हणजे थेट गव्हाचं ग्लुटेन. कॉफीच्या दुकानांत बार्लीची कॉफीही मिळते, ‘काफ्फे द ओर्द्झो’. ती त्याच यंत्रावर काढत असतील तर साधी कॉफीही टाळा.

पिझ्झा फक्त संघटनेच्या यादीतल्या ठिकाणी, तेही वेगळा ओटा आणि वेगळी भट्टी किंवा बंद ट्रे असेल तर. जिथे आचारी दिवसभर मैदा उधळतो तिथे पीठ हवेत तरंगत असतं आणि सगळीकडे बसतं. बेस ग्लुटेनमुक्त असून भागत नाही. एरवी पिझ्झ्याचा हट्ट सोडावा, हे माझं स्पष्ट मत.

जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, कोप्पेत्तामध्ये, म्हणजे कपात घ्या, कोनात नाही. तेवढ्याने भागत नाही, कारण कोनाला लागलेला चमचा सगळ्या डब्यांत फिरतो. नवा चमचा आणि मागच्या शीतकपाटातला न उघडलेला डबा मागा. बिस्किटं, तिरामिसू असल्या चवी टाळा.

नाश्ता, दुकान, चर्च

हॉटेलचा नाश्ता आदल्या रात्री सांगून ठेवा. बुफेवरचा टोस्टर वापरू नका, कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा बार्लीचं माल्ट असतं, आणि जॅमच्या बरणीत पावाचा चुरा जातो. लहान बंद पुड्यांतलं लोणी-जॅम, उकडलेली अंडी, दही, केळी, सोबतीला स्वतःचा पाव. हा पाव कूप, कोनाद, एस्सेलुंगा अशा सुपरमार्केटांत आणि औषधांच्या दुकानांतही मिळतो. ग्लुटेनमुक्त पदार्थ बनवणारी शेर (Schär) ही कंपनी इटलीतलीच. वेष्टनावर ‘सेन्त्सा ग्लूतिने’ असेल तर ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असतं. मात्र गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी घटकांची यादी वाचावीच, कारण ग्लुटेन काढलेला गव्हाचा स्टार्च अशा पावात वापरलेला असू शकतो. सिलियाकला तो चालतो, ॲलर्जीला नाही.

गोवा-वसईकडून रोमला यात्रेला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. मिसेतली, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीतली, ओस्ती (प्रसादाची पातळ चकती) गव्हाची असते आणि ग्लुटेन पूर्ण काढलेली ओस्ती चर्चला मान्य नाही. २०१७ मध्ये व्हॅटिकनने हे पुन्हा स्पष्ट केलं. कमी ग्लुटेनची ओस्ती चालते, तिची मागणी मिसा सुरू होण्याआधी साक्रिस्तीत, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत, जाऊन करावी लागते. फक्त द्राक्षारसातून कम्युनियन (तो प्रसाद) घेण्याचीही सोय आहे, पण तो पेला वेगळा हवा, कारण मुख्य पेल्यात ओस्तीचा तुकडा टाकलेला असतो.

चुकून पोटात गेलंच तर

सिलियाकवर तातडीचा उतारा नाही. मळमळ, पोटदुखी, जुलाब, डोकं जड होणं काही तासांत सुरू होऊ शकतं. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या, पाणी घोट घोट घेत राहा, दुसऱ्या दिवशी भात-दह्यावर राहा आणि लांब चालण्याचे बेत रद्द करा. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा लहान मूल सुस्त पडलं असेल तर डॉक्टर गाठा. युरोपभर तातडीचा क्रमांक ११२ आहे. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं हे सिलियाकचं नाही, ॲलर्जीचं लक्षण आहे, तिथे एक मिनिटही थांबू नका.

काहींना काहीच त्रास होत नाही, आणि मग ‘मला चालतं’ म्हणून पिझ्झा खाल्ला जातो. आतड्याला इजा होत असली तरी ती दरवेळी पोटात जाणवतेच असं नाही. त्रास होवो न होवो, पथ्य तेच.