परसातच बेडकांचे घर: विदर्भातील खेड्यात बेडकांसाठी डबके कसे करावे

बेडूक पाळायचे म्हणजे ते काचेच्या पेटीत ठेवायचे, हा समज शहरातील पाळीव प्राण्यांच्या दुकानांमुळे पसरला आहे. विदर्भातील खेड्यात, जिथे मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर रात्रभर बेडकांचा आवाज घुमतो, तिथे अशा पेटीची गरजच नाही. शिवाय रानातला बेडूक धरून घरात डांबणे कायद्यातही बसत नाही, कारण आपल्याकडील बेडकांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याचे संरक्षण आहे. बेडूक आपल्या अंगणात राहावेत, त्यांनी तिथेच अंडी घालावीत आणि पिल्ले आपल्या डोळ्यांसमोर मोठी व्हावीत, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी बेडूक आणू नयेत. त्यांच्यासाठी जागा तयार करावी. जागा योग्य असली की बेडूक स्वतःहून येतात.

जागा निवडणे

सांदवाडीत, परसात किंवा शेताच्या धुऱ्याजवळ अशी जागा बघावी जिथे सकाळचे ऊन पडते आणि दुपारनंतर सावली असते. दिवसभर उन्हात असलेले उथळ पाणी फार तापते, तर पूर्ण सावलीत शेवाळ वाढत नाही आणि पिल्लांना खायला मिळत नाही. चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या अगदी खाली खड्डा करू नये. पाला पाण्यात कुजतो आणि पाणी काळे पडते. डबके घरापासून निदान चाळीस-पन्नास फूट लांब असावे, कारण जिथे बेडूक तिथे त्यांना खाणारे सापही येतात. बिनविषारी दिवड आणि धामण तर येतातच, पण नागालाही बेडूक आणि भेक (खडबडीत, गाठाळ त्वचेचा बेडकाचा भाऊबंद) आवडतात. ज्या वाटेने बाया पाणी आणतात किंवा मुले संध्याकाळी खेळतात, ती वाट या बाजूने नसावी, आणि रात्री डबक्याकडे जाताना पायात बूट व हातात बॅटरी असलीच पाहिजे.

कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या पट्ट्याला लागून जागा घ्यावी लागली, तर मध्ये पंधरा-वीस फुटांची गवताची पट्टी मोकळी ठेवावी आणि तिच्यावर फवारणी करू नये.

खड्डा खोदणे

हे काम नवतपा (उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस) संपण्याच्या सुमारास, पहिल्या पावसाआधी आटोपावे. दहा फूट लांब आणि सहा-सात फूट रुंद खड्डा साध्या घराला पुरेसा होतो. त्याहून मोठा केल्यास उत्तमच. पण खोलीच्या मोहात पडू नये. सर्वांत खोल भाग दीड ते दोन फूट असावा आणि किमान एका बाजूने काठ इतका पसरट असावा की माणूस न घसरता पाण्यात चालत जाऊ शकेल. सगळ्या बांधणीत हा उतार सर्वांत महत्त्वाचा आहे. शेपटी जिरत असलेले पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते आणि त्याला पाण्याबाहेर टेकायला जागा लागते. ती नसली तर ज्या पाण्यात ते वाढले त्याच पाण्यात ते बुडून मरते. चारही बाजूंनी उभ्या भिंती असलेल्या सिमेंटच्या टाक्यात हेच घडते.

काळ्या भारी जमिनीत पाणी धरून ठेवणे सोपे असते. तळ ओला करून धानाच्या बांधीत करतात तशी चिखलणी करावी, म्हणजे पाणी झिरपणे बरेच कमी होते. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते, म्हणून दरवर्षी पावसाआधी भेगा बुजवून तळ पुन्हा तुडवावा लागतो. मुरमाड किंवा रेताड जमिनीत मात्र शेततळ्याला वापरतात तशी जाड पन्नी अंथरावी. खाली जुने बारदान घालावे, म्हणजे खड्यांनी पन्नी फाटत नाही, आणि वर चार-पाच बोटे मातीचा थर द्यावा. उघड्या, गुळगुळीत पन्नीवरून बेडकाला बाहेर पडता येत नाही. ज्यांच्याकडे अस्तर घातलेले शेततळे आधीपासून आहे, त्यांनी त्यात दोन-तीन ठिकाणी काठावर खुंट्या ठोकून बारदानाच्या पट्ट्या पाण्यापर्यंत सोडाव्यात. बेडूकच काय, पडलेली खार किंवा सरडाही त्या धरून वर येतो.

काठावर फुटकी कवेलू, दगड आणि जुन्या माठाची खापरे थोडी उलथी-पालथी रचून ठेवावीत. भेकाला दिवसभर बसायला अंधारी, ओलसर फट लागते. पाण्याच्या एका बाजूला गवत आणि लव्हाळा वाढू द्यावा. दुसरी बाजू मोकळी राहू द्यावी. बेशरम आणि जलपर्णी मात्र आणू नये, कारण दोन्ही झपाट्याने वाढून सगळे पाणी व्यापतात.

घरात लहान मूल असेल तर दीड फूट पाणीही जिवावर बेतू शकते. तुराट्यांचे किंवा बोराट्यांचे कुंपण घालावे आणि बेडकांना येण्या-जाण्यासाठी खाली चार बोटे जागा सोडावी.

पाणी

पावसाचे पाणी सर्वांत चांगले. विहिरीचे चालते. नळयोजनेच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर घातलेली असते, आणि क्लोरीन बेडकांच्या व पिल्लांच्या त्वचेला सोसत नाही. म्हणून असे पाणी उघड्या नांदीत दोन दिवस उन्हात ठेवून मगच ओतावे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषून घेतो. पाण्यात जे मिसळले असेल तेही त्याच वाटेने अंगात जाते. मोरीचे साबणाचे पाणी, गोठ्याचे मूत्र आणि युरिया टाकलेल्या शेतातून वाहून येणारे पाणी डबक्यात येऊ नये, यासाठी वरच्या अंगाला हातभर उंचीचा बांध घालावा. फवारणीचा पंप तिथे धुऊ नये, हे घरातल्या आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगून ठेवावे. तणनाशकांबद्दल विशेष दक्षता हवी. द्रावण पानावर पसरावे म्हणून काही तणनाशकांत साबणासारखा घटक मिसळलेला असतो आणि तो बेडकांच्या पिल्लांना मारक ठरतो.

डास होतील, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून अनेक गावांत गप्पी किंवा गॅम्बुशिया मासे सोडले जातात. बेडकांच्या डबक्यात ते मुळीच सोडू नयेत, कारण ते अंडी आणि कोवळी पिल्ले खातात. चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे जिवंत डबक्यात आपोआप येतात आणि डासांच्या अळ्यांवर बराच वचक ठेवतात. डेंग्यू पसरवणारा डास मुख्यतः घराजवळची टाकी, टायर, कुंड्या आणि माठ यांतल्या पाण्यात वाढतो. ती भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत.

कोण येते, आणि कसे ओळखावे

पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री मोठा बुलफ्रॉग येतो. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर या काळात हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात. विदर्भात लहानपण गेलेल्या माणसाने हे पाहिले नसेल तर एकदा अवश्य पाहावे. त्यासाठी अंधारात डबक्याच्या काठी शांत बसण्याखेरीज काही करावे लागत नाही. अंगावर खडबडीत गाठी असलेला भेक उशिराने आणि लांबून येतो. त्याला हात लावल्याने चामखीळ होत नाही, पण डोळ्यांमागील ग्रंथींतून विषारी स्राव निघतो, म्हणून हात लागलाच तर लगेच धुवावा आणि कुत्र्याने तोंडात धरल्यास त्याचे तोंड भरपूर पाण्याने धुऊन जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे. पाण्यावर तरंगत बसणारा आणि चाहूल लागताच पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत पळणारा बेडूक बारमाही पाण्याचा रहिवासी आहे. डबके आटणारे असेल तर तो कमी दिसेल. न्हाणीघरात आणि कवेलूंच्या छपरात सापडणारा लांब बोटांचा झाडबेडूक मात्र घरचाच म्हणावा असा.

अंड्यांपासून पिल्लांपर्यंत

पावसाच्या दुसऱ्या सकाळी काठ नीट पाहावा. भेकाची अंडी पारदर्शक दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळेसारखी गवताला गुंडाळलेली असतात. इतर अनेक बेडकांची अंडी चिकट थरात पाण्यावर किंवा गवताला लागून असतात. झाडबेडूक पाण्यात अंडी घालत नाही. पाण्यावर झुकलेल्या पानाला किंवा टाक्याच्या भिंतीला तो फेसाचे घरटे चिकटवतो आणि पिल्ले बाहेर येताच खाली पाण्यात टपकतात. असे घरटे कोरड्या जागेच्या वर दिसले तर ते ओरबाडू नये, खाली पाण्याने भरलेले पसरट टोपले ठेवावे आणि पडलेली पिल्ले पाण्यासकट डबक्यात सोडावीत.

उबदार पाण्यात अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पहिल्या दिवशी पिल्ले गवताला नुसती लटकलेली असतात, नंतर दगडावरचे शेवाळ खरवडू लागतात. पाण्यातल्या दगडाजवळ डोळा नेला तर त्यांचे इवलेसे तोंड सतत हलताना दिसते. त्यांना पोळी, भात किंवा पीठ घालू नये, त्याने पाणी नासते. शेवाळ आणि कुजका पाला पुरेसा असतो. भेकाची पिल्ले काळी असतात आणि झुंडीने फिरतात. बुलफ्रॉगची पिल्ले मांसाहारी असून इतरांच्या पिल्लांवर तुटून पडतात, म्हणून सर्व जातींची संख्या सारखी राहील अशी अपेक्षा ठेवू नये. पाण्याच्या उष्णतेप्रमाणे आणि जातीप्रमाणे साधारण एक ते दोन महिन्यांत आधी मागचे पाय, मग पुढचे पाय येतात आणि शेवटी शेपटी अंगात जिरते. या शेवटच्या दिवसांत पिल्लू काही खात नाही, शेपटीतल्याच साठ्यावर जगते. त्या वेळी उतारावर पाय पडू नये आणि कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नयेत.

विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, तेव्हा खरी कसोटी लागते. पाणी वीतभर खोलीच्या खाली जाऊ लागले की संध्याकाळी विहिरीचे पाणी हळूहळू सोडावे. दुपारी तापलेल्या पाण्यात एकदम थंडगार पाणी ओतू नये.

दुसऱ्या गावच्या तलावातून किंवा बोडीतून अंडी अथवा बेडूक आणून आपल्याकडे सोडण्याचा मोह टाळावा. बेडकांच्या त्वचेला होणारा बुरशीचा रोग पाण्याबरोबर पसरतो. शिवाय आपल्या ठिकाणी निरुपद्रवी असलेली जात परक्या ठिकाणी उपद्रवी ठरते: आपलाच बुलफ्रॉग अंदमानात पोहोचल्यावर त्याची पिल्ले तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्ले फस्त करत आहेत. दुकानातून आणलेला परदेशी बेडूक तर बाहेर कधीच सोडू नये.

पावसाळ्यानंतर

धान कापणीच्या सुमारास पिल्ले पांगतात आणि मोठे बेडूक चिखलात, फटींत किंवा धुऱ्याच्या मातीत शिरून बसतात. उन्हाळ्यात डबके पूर्ण आटले तरी हरकत नाही. उलट त्यामुळे चुकून आलेले मासे मरतात आणि पुढच्या वर्षीची अंडी वाचतात. गाळ काढायचा तर दरवर्षी अर्ध्याच भागाचा, तोही यंत्राने नव्हे तर फावड्याने आणि हलक्या हाताने काढावा, कारण त्यात झोपलेले बेडूक असू शकतात. फावड्याखाली बेडूक निघाला तर त्याला न काढलेल्या अर्ध्या भागातील ओलसर मातीत ठेवून वर पाला झाकावा. काढलेला गाळ परसबागेच्या वाफ्यांना घालावा.

भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली, त्यामागे पिकांवरील किडी खाणारा प्राणी शेतातून नाहीसा होत असल्याची चिंता होती. ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगितल्यास धुऱ्यापलीकडची फवारणीही डबक्यापासून थोडी दूर ठेवायला ते बहुधा तयार होतात, आणि हे बोलणे हंगाम सुरू होण्याआधीच करून घ्यावे.