पुणे ते सासवड पायी निघताय? या चुका टाळा

माउलींच्या पालखीबरोबर निदान एक दिवस चालायचं, असं ठरवून दरवर्षी कितीतरी पुणेकर सासवडची वाट धरतात. अंतर सुमारे 30 किलोमीटर, म्हणजे आळंदी ते पंढरपूर वाटेवरचा लांबलचक टप्पा. नव्याने येणाऱ्यांना धास्ती असते ती दिवेघाटाची. माझा अनुभव उलटा आहे. घाटात टाळ-मृदंग साथीला असतो, वारा असतो, खाली मस्तानी तलाव दिसत असतो, माणूस बोलता बोलता वर पोचतो. पाय जातात ते हडपसर ते वडकीच्या सपाट डांबरावर. उरलेसुरले जातात घाट संपल्यावर.

पहिल्या वर्षी मी आठवड्यापूर्वी घेतलेले कोरे बूट घालून निघाले. फुरसुंगीच्या आसपास टाचेला चुरचुरायला लागलं. पुढे थांबू तेव्हा बघू, असं म्हणत रेटलं. वडकीला मोजा ओढला तर रुपयाएवढा फोड फुटून मोज्याला चिकटलेला. म्हणून सांगते, चुरचुरलं की तिथल्या तिथे रस्त्याच्या कडेला बसा. पाय कोरडा करा, त्या जागी कापडी चिकटपट्टी घट्ट आणि सुरकुती न पडू देता लावा. पाच मिनिटांचं काम असतं. फोड आलाच असेल तर शक्यतो फोडू नका. फुटलाच तर स्वच्छ पाण्याने धुवा, वरची कातडी ओढून काढू नका, पट्टी लावून झाका.

बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत, आणि बोटांपुढे थोडी जागा हवी, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. जागा नसली की नखं काळीनिळी पडतात. नखं दोन दिवस आधीच कापा. मोज्यांची दुसरी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या, आषाढ तोंडावर आलेला असतो आणि एक सर आली तरी बूट दिवसभर ओले राहतात. जीन्स तर घालूच नका. ओली जीन्स मांड्या सोलवटून काढते. निघताना मांड्यांना आणि काखेत व्हॅसलीन चोपडा, लाजू नका. बाजूच्या आजी साध्या चपलेत किंवा अनवाणी झपाझप चाललेल्या दिसतील. त्यांचे पाय जन्मभर शेतात तयार झालेले असतात, आपण त्यांची बरोबरी करायला जाऊ नये.

सहसा कुणी न सांगणारी एक गोष्ट म्हणजे रस्त्याचा उतार. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. दिवसभर एकाच कडेने चाललात तर एक पाय सतत खाली पडतो आणि संध्याकाळी त्याच बाजूचा गुडघा किंवा कंबर बोलायला लागते. गर्दीतून जमेल तशी बाजू बदलत राहा. मात्र बाजू बदलताना दिंडी आडवी कापायची नाही. वीणेकऱ्याच्या पुढून, पताकांच्या रांगेतून सेल्फी काढत घुसणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

आता खाण्याचं. हा दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. त्यामुळे वाटेवर जागोजागी साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि चहा, चहा, चहा. प्रत्येक मंडपात 'घ्या माउली' म्हणून हातात द्रोण ठेवतात आणि नाही म्हणवत नाही. तीन द्रोण खिचडी खाऊन चालायला लागलं की पोटात दगड बसतो. केळं आणि मूठभर दाणे दर दीड-दोन तासांनी, एवढं पुरतं. उपवास कडक असेल तरी मीठ-साखरेचं पाणी टाळू नका. घाम जातो आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की पोटरीत गोळे येतात. गोळा आलाच तर पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढा, चोळत बसू नका. बायका स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणीच पीत नाहीत, मीही तेच केलं आणि घाटात डोळ्यांपुढे अंधारी आली. पालिकेची फिरती स्वच्छतागृहं असतात, रांग असते, पण रांगेत उभं राहा.

वडकीला पालखी विसावते तेव्हा सगळेच आडवे होतात. तुम्ही वीस मिनिटांवर झोपू नका. पाय गार पडले की पहिली शंभर पावलं नको होतात. मराठवाड्यातून आलेल्या एका आजोबांनी मला काठीने ढोसून उठवलं होतं, 'उठा माउली, पाय रुसतील.'

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्या गर्दीपासून लांबच राहा. फोटोसाठी बाजूच्या निसरड्या मुरमावर चढू नका. आणि माथ्यावर पोचलात की 'झालं!' म्हणून घरी फोन लावू नका. सासवड अजून दोन तास लांब आहे, अंधार पडत असतो आणि खरा कस झेंडेवाडीच्या पुढे लागतो.

फोन लावून तसंही उपयोग नसतो, गर्दीत नेटवर्क बसतं. वारकरी चुकत नाहीत, कारण प्रत्येकाला आपल्या दिंडीचा नंबर पाठ असतो, रथापुढे अमुक, रथामागे तमुक. तुम्हीही सकाळीच भेटायची जागा आणि वेळ ठरवून टाका.

परतीचाही बेत आधीच करा. त्या दिवशी दिवेघाट गाड्यांना बंद असतो, वाहतूक वळवलेली असते, घरी पोचायला मध्यरात्र होते. आणि गाडीत नीट बसेपर्यंत बूट काढू नका. मी सासवडला कऱ्हा नदीच्या अलीकडे काढले, सुजलेले पाय परत आत जाईनात, शेवटी बुटांची जोडी हातात धरून एसटीत चढले.